गुऱ्हाळ गेले, पण बैठक का जावी?



दोन माणसे उगाच तास-तासभर बोलत बसली की आपण म्हणतो, "काय गुऱ्हाळ लावलंय!" बोलण्याला हे नाव पडले ते उसाच्या गुऱ्हाळावरून. रात्र रात्र चालणारे काम आणि त्याच्याबरोबर न संपणाऱ्या गप्पा. चरकाला ऊस लावणारा एक, चुलवाणात चिपाडे सारणारा जळव्या दुसरा, काहिलीवर नजर ठेवून मळी काढणारा गुळव्या तिसरा. शिवाय ज्याला काहीच काम नेमून दिलेले नाही असा एखादा म्हातारा चिपाडे उलटीपालटी करीत बसलेला असायचा. तो रिकामा आहे असे कोणी म्हणत नसे. पाहुणा आला तर रस, पोर आले तर काकवी. मन मोकळे करायला मुद्दाम बैठक बोलवावी लागत नव्हती.

कोल्हापूर भागात गुऱ्हाळे आजही चालतात. आपल्या भागात मात्र ऊस कारखान्याला आला आणि गुऱ्हाळे बसली. यात वाईट काही झाले नाही. गुळाच्या बाजारातला व्यापारी सांगेल तो भाव घेण्यापेक्षा आपण आपल्याच कारखान्याचे मालक झालो. पण रस आणला त्याबरोबर बसायची जागाही आपण उचलून आणली आणि ती परत कुठे ठेवली नाही, हे मान्य केले पाहिजे.

शेतकी खात्याच्या कामासाठी बांधावर फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते. साठी ओलांडलेल्या सभासदाकडे लागण-खोडव्याची नोंद विचारली की तो म्हणतो, "पोराला विचारा, आता सगळं तोच बघतो." ठिबक मोबाईलवर चालू होते, नांगरट ट्रॅक्टरवाला करतो, तोडणीला टोळी येते. चाळीस वर्षे ज्या हातांनी मोट, इंजिन, मोटार सगळे ओढले, ते हात पारावर पत्ते पिसतात, नाहीतर गुत्त्याकडे वळतात. काही नुसतेच घरात बसतात, आणि ते अधिक वाईट. प्रकृती कशी आहे विचारले तर "बरं हाय" यापलीकडे शब्द निघत नाही.

शहरात गेलेल्यांचेही तेच. आपल्या गटातले एक सभासद मुलाकडे काशीमीऱ्याला राहायला गेले. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जिथे घोडबंदरचा रस्ता मिळतो, तो हा भाग. फ्लॅट चांगला, सून चांगली, पण महिनाभरात गृहस्थ कोमेजले. मग जवळच्या एका वेल्डिंगच्या गाळ्यात जाऊन बसू लागले. तिथल्या पोरांना पकड दे, पत्रा धर, एवढेच. गावी आले तेव्हा मला म्हणाले, "साहेब, हाताला काम नसलं की तोंडाला विषय राहत नाही." मला वाटते, साऱ्या प्रश्नाचे मर्म या वाक्यात आहे.

हे मर्म दुसऱ्या देशांतल्या लोकांनीही ओळखले आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात टोंगाला नावाचे दूधधंद्याचे गाव आहे. तिथे १९९८ साली पुरुषांसाठी एक शेड उघडली. सुतारकाम, जोडकाम, दुरुस्ती करायची आणि चहा प्यायचा. अशा शेडची संख्या त्या देशात पुढे हजारावर गेली, २००७ साली त्यांची राष्ट्रीय संघटना झाली, आणि आयर्लंड, इंग्लंडपर्यंत हे लोण पोचले. त्यांचे म्हणणे साधे आहे: पुरुष समोरासमोर बसून दुःख सांगत नाही; खांद्याला खांदा लावून काम करताना सांगतो. आपल्या गुळव्याला हे कोणी शिकवावे लागले नव्हते!

आपल्याकडेही नमुना नाही असे नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकायचे आणि ते काम गावाच्या गरजेचे असायचे, हे तिथले सूत्र. तो आश्रम तरुणांसाठी आहे. पण वर्कशॉप हे गावाचे शहाणपण साठवण्याचे ठिकाण होऊ शकते, हे त्याने दाखवले आहे.

म्हणून माझी सूचना अशी. गळीत हंगाम संपला की गट ऑफिसांची खतांची गोदामे बराच काळ रिकामी असतात. त्यांपैकी एका गटाचे गोदाम प्रयोग म्हणून सभासदांना द्यावे. एक बाक, वाइस, ड्रिल मशीन, वेल्डिंग सेट, रंधा, पटाशी, करवत, एवढ्यावर भागेल. बिघडलेले फवारणी पंप, कोयत्यांच्या मुठी, ठिबकचे फिल्टर, शाळेची मोडकी बाके, काम शोधायला जावे लागणार नाही. नियम तीनच: दारू नाही, पत्ते नाहीत, पॅनेलची चर्चा नाही.

काही जण विचारतील, "कारखान्याचा याच्याशी काय संबंध?" १९५० साली प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून सहकारी कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. मग ज्यांच्या शेअरवर हे सारे उभे राहिले त्यांच्या उतारवयासाठी एक गोदाम जड का व्हावे? दुसरे म्हणतील, तिथेही राजकारण शिरेल. शिरेलही. पण मोठ्या करवतीला दोन टोके असतात. दोन गटांचे दोघे धरल्याशिवाय फळी कापली जात नाही.

माताभगिनींचा प्रश्न मात्र रास्त आहे: "घरचं काम आम्ही करायचं आणि ह्यांनी तिकडंही गप्पाच मारायच्या?" त्यांना एवढेच सांगतो, आधी घरातला मोडका पाट, गळकी बादली तिकडे पाठवा. दुरुस्त होऊन आली तरच पुढे जाऊ द्या! आणि ज्या भगिनींना हत्यार धरायचे असेल त्यांना दार बंद असण्याचे कारण नाही.

खोडव्याचे पाचट आपण आता जाळीत नाही, सरीत ठेवतो. त्याचेच पुढच्या पिकाला खत होते. जुन्या सभासदांचा अनुभव तरी का जाऊ द्यावा? येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणी तरी मांडावा आणि मा. संचालक मंडळाने एक हंगाम करून पाहावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते