उंदरिणीच्या ऑपरेशनला हसणाऱ्यांसाठी



बोईसरला माझ्या नातीच्या पाळीव उंदरिणीची गाठ ऑपरेशन करून काढली, तेव्हापासून पालघरात एकच प्रश्न ऐकते, "उंदरावर कोणी इतका खर्च करतं का?" मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब मलाही येतो. पण बाजारातली किंमत बघून दया करायची, तर तो व्यापार झाला.

दुसरा आक्षेप धर्माचा. शरीर कापणं म्हणजे छविच्छेद, अहिंसाव्रताचा अतिचार! अहो, तो अतिचार रागाने, स्वार्थाने इजा करणाऱ्याचा. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोणी छविच्छेद म्हटलं का?

खरी काळजी अन्नपाननिरोधाची घ्या. उंदराला उलटी होतच नाही, म्हणून ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवायची गरज नसते. शुद्धीवर आल्यावरही लवकर मऊ खिचडी द्यावी, पाणी जवळ ठेवावं. आणि तिला चौविहार लावू नका, उंदीर रात्रीच जास्त खातो. पिंजरा काही दिवस बिनमजल्याचा, उबदार. भुशाऐवजी धुतलेलं सुती कापड. टाके कुरतडते का, रोज पाहावं. डोळ्यांभोवती लाल दिसलं तर ते बहुधा रक्त नसतं. ताणाने, आजाराने येणारा स्राव असतो. डॉक्टरांना कळवावं. आपली दुखण्याची गोळी मनाने देऊ नये.

"दोन-तीन वर्षांचं तर आयुष्य!" म्हणूनच दुखण्यातला एक आठवडा तिला फार मोठा.

पर्युषणात जीवदयेची पावती फाडायची आणि घरी चिकट सापळ्यावर उंदीर तडफडत ठेवायचा, हा कुठला हिशेब?