ग्लॅब्रस म्हणजे नुसते गुळगुळीत नव्हे

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आपली मुलेमुली अकरावी सायन्सला जातात आणि पानाफुलांचे वर्णन वाचताना ‘ग्लॅब्रस’ या शब्दापाशी अडतात. खिशात मावणाऱ्या डिक्शनरीत तो बहुधा सापडत नाही. सापडलाच तर समोर ‘गुळगुळीत’ एवढेच छापलेले असते. मग रस्ताही ग्लॅब्रस आणि फरशीही ग्लॅब्रस! तसे चालत नाही.

लॅटिन भाषेत ‘ग्लाबेर’ म्हणजे बिनकेसांचा, टकला. आपण तुळतुळीत टक्कल म्हणतो ना, तेच. त्यावरून शास्त्रात ग्लॅब्रस म्हणजे ज्यावर केस किंवा लव नाही असे. विहाराजवळ पिंपळ असेल तर त्याचे, म्हणजे आपल्या बोधिवृक्षाचे, एक पान घ्या व दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. लव लागत नाही. ते पान ग्लॅब्रस. पिंपळाचाच भाऊबंद काळा उंबर. त्याचे पान मात्र हाताला खरखरते. त्याचे शास्त्रीय नाव फायकस हिस्पिडा, आणि हिस्पिड म्हणजे राठ केसांचा. घसा बसला की आपण चघळतो तो ज्येष्ठमध शास्त्रात ग्लिसिरायझा ग्लाब्रा आहे. करंजालाही जुन्या पुस्तकांत पोंगामिया ग्लाब्रा म्हटलेले आढळेल.

नर्सिंगला गेलेल्या मुलींना हा शब्द माणसाच्या कातडीसाठी भेटेल. तळहात आणि तळपाय यांच्या कातडीत केसांची मुळेच नसतात, म्हणून तिला ग्लॅब्रस स्किन म्हणतात. आता हमालाचा हात पाहा, बिगारी काम करणाऱ्या बाईचा पाहा, झाडू धरून घट्टे पडलेला सफाई कामगाराचा पाहा. त्या हाताला गुळगुळीत कोण म्हणेल? तरी डॉक्टरी भाषेत तो तळहात ग्लॅब्रसच, कारण घट्टे पडले म्हणून तिथे केस उगवत नाहीत. उलट मुंडण केलेले डोके हाताला कितीही तुळतुळीत लागो, ते या अर्थाने ग्लॅब्रस नाही. केसांची मुळे आत असतातच. एवढा फरक ज्याला कळला त्याला शब्द कळला. दोन भुवयांमधल्या, टिकली लावायच्या जागेला ‘ग्लॅबेला’ म्हणतात, तेही याच लॅटिन शब्दावरून.

रेशीम, रस्ता किंवा सुरळीत चाललेले काम यांना साधे ‘स्मूथ’ म्हणावे. आमच्या कारकुनी जगात काहींना अर्जात अवघड शब्द पेरण्याची हौस असते. साहेबावर त्याची छाप पडत नाही, पडला तर गैरसमज पडतो.

पालकांनी मुलांना वाचनालयातला जाडा शब्दकोश उघडायला लावावा. बाबासाहेबांनी तर पालीचा शब्दकोश स्वतः तयार केला. शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात तो आहे. जाड्या कोशात अर्थाबरोबर शब्दाचे कूळही दिलेले असते. ‘ग्लॅड’ म्हणजे आनंदी, हा शब्द ग्लाबेरच्याच नात्यातला निघतो. त्याचा जुना अर्थ चकाकणारा, आणि जर्मनमध्ये त्याचाच भाऊ ‘ग्लाट’ म्हणजे गुळगुळीत. अकरावीच्या मुलाला घाबरवणाऱ्या शब्दाचा हा नातलग चौथीतल्या पोरालाही येतो.