आणलेला रेडर

मंडळी, यात्रेचे दिवस जवळ आले की आमच्या भागातल्या मंडळांना एक खूळ लागते. संघ हरतोय ना, मग काढा वर्गणी आणि आणा बाहेरून एक तगडा रेडर! नवा माणूस चढाईला आला की सगळा खेळ पालटतो म्हणे.

पालटतो, नक्की पालटतो. पण कसा, ते कोणी बघत नाही. मुख्य रेडर पकडला गेला की तो बाहेर बसतो. त्याला परत आत आणायचे तर दुसऱ्या कुणीतरी गडी मारायला हवा, नाहीतर आपल्या पोरांनी पकड करायला हवी. म्हणजे हुकमी एक्का किती वेळ मैदानात राहणार हे बाकीचे सहा जण ठरवतात. शिवाय दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद व्हा. प्रत्येक वेळी तोच गडी येणार हे माहीत असले की समोरचे कोपरे त्याचा पाय मोजून ठेवतात.

प्रो कबड्डीतच बघा. २०२२ च्या नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला. तरी नरेंदर नावाचे नवखे पोर पुढे आले आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. (तिथे आपल्या पुणेरी पलटणने त्यांना अडवले, हा आनंद वेगळा!) पुढच्या हंगामात पवनसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून जास्त मोजले. पवनने गुण भरपूर आणले, आणि टायटन्स तळाला.

त्याच हंगामात, १ मार्च २०२४ ला, पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद घेतले. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते... एक बसला की दुसरा उभा. कोणी म्हणेल, गुरुजी, त्यांनीही इराणचा शादलू २ कोटी ३५ लाखांना आणलाच होता की! आणला, पण तो मुळात पकडीचा गडी, आणि आधीच चालत्या गाड्याला जोडलेला. पुढच्या हंगामात अस्लम दुखापतीने बसला आणि पलटण बाद फेरीला मुकली, हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते खरे. पण तेव्हा शादलूही हरयाणाकडे गेला होता, तेही धरा.

आपल्याकडे आणलेला गडी शनिवारी रात्री येतो, रविवारी खेळतो, पाकीट घेऊन जातो. सराव कुणाबरोबर? कुणाबरोबरच नाही. वर्षभर मातीत गुडघे फोडून घेणारे गावचे पोरगे बाहेर बसून त्याला पाण्याची बाटली देते. पुढच्या वर्षी ते सरावाला फिरकत नाही, आणि मग हेच लोक म्हणतात, गावात रेडर तयार होत नाहीत.

मंडळाच्या पोरांना हे तोंडावर सांगून झाले. "गुरुजी, यंदा एवढी ढाल येऊ द्या" म्हणाले. वर्गणी मी देणार आहे. फक्त पावतीवर 'गुडघ्याच्या पट्ट्यांसाठी' असे लिहून घेणार.