इथल्या इथे तर जायचंय...

"अरे, इथल्या इथे तर जायचंय!"

हे वाक्य मी किती वेळा बोललोय ते मोजायला बसलो तर लाज वाटेल. ऑफिस लोअर परळला, घर लालबागला, मध्ये करी रोडचा पूल. रात्री बाईकवर सात-आठ मिनिटं. शुक्रवारी रिलीज गेला की टीमबरोबर तिथेच कुठेतरी बसायचं, दोन बाटल्या बिअर, मग डोक्यात हेल्मेट आणि घरी. (आजोबा याच भागातले गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर परत कामावर गेलेच नाहीत. आता नातू गिरण्यांच्या आवारातल्या पबमध्ये महागडी बिअर पितो. असो, तो वेगळा विषय आहे.)

दारू वाईट वगैरे लेक्चर मी झोडणार नाही. तो अधिकार मला नाही, पितो मी. प्रश्न फक्त त्यानंतर खिशातून निघणाऱ्या चावीचा आहे.

१ सप्टेंबर २०२४, रविवार. गणपती सहा दिवसांवर आलेले. त्या दिवसांत आमच्याकडे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते हे लालबाग पाहिलेल्याला सांगायला नको. रात्री बेस्टची ६६ नंबरची बस गणेश टॉकीजजवळ आली. आत एक प्रवासी दारू प्यायलेला होता. ड्रायव्हरशी त्याचं भांडण झालं आणि पठ्ठ्याने सरळ स्टिअरिंगच धरून ओढलं. बस रस्त्यावरच्या गाड्यांवर आणि चालणाऱ्या माणसांवर गेली. बरेच जण जखमी झाले. त्यातली एक मुलगी, साधारण माझ्याच वयाची, वाचली नाही.

त्या रात्री आमच्या चाळीत सगळे एकच बोलत होते, "फोडून काढायला पाहिजे होता त्याला." मीही बोललो, सगळ्यांत मोठ्या आवाजात. मग अंथरुणावर पडल्यावर एक विचार आला आणि झोपच उडाली. त्या माणसाने दुसऱ्याचं स्टिअरिंग ओढलं. मी दर शुक्रवारी काय करतो? सहा वाजता शुद्धीत असलेला जो मी आहे, त्याच्या हातातलं हँडल साडेअकराला प्यायलेला मी ओढून घेतो. फरक एवढाच, की माझ्याकडे भांडायला ड्रायव्हरही नसतो.

"मला चढत नाही रे" हे आपलं दुसरं आवडतं वाक्य. आता आपण इंजिनियर लोक, जरा हिशेब करू. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या एका ६५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात ते साधारण ८५ च्या आसपास जातं. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ तिप्पट! आणि लिव्हर ते उतरवतं तासाला पंधरा-वीसच्या वेगाने. लिंबू सरबत प्या, काळी कॉफी प्या, नाहीतर तोंडावर पाणी मारा, त्या वेगात काडीचा फरक पडत नाही. चढली की नाही हे ज्या मेंदूला विचारायचं, त्याचाच आधी निकाल लागलेला असतो. हँग झालेल्या सर्व्हरला "बाबा, तू ठीक आहेस ना?" विचारण्यासारखं आहे ते.

पण आमच्या ग्रुपवर मेसेज काय येतो? "भारतमाताला मामा उभे आहेत, दुसरीकडून ये." म्हणजे भीती मरण्याची नाही, मारण्याची तर नाहीच. भीती दहा हजारांच्या दंडाची. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये कार्टर रोडवर प्यायलेल्या माणसाच्या गाडीखाली फूटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. पुढच्या वर्षी मुंबई पोलिसांनी तपासणीची मोहीम जोरात सुरू केली. इतक्या वर्षांत आपण शिकलो काय, तर मामांना चुकवायचे रस्ते.

मे २०२४ मध्ये पुण्याला कल्याणीनगरात पोर्शे कारने बाईकवरच्या दोघांना उडवलं. दोघंही चोवीस वर्षांचे, आपल्यासारखेच इंजिनियर. ऑफिसात सगळे हळहळले, कारण प्रत्येकाने ती बातमी बाईकवर बसून वाचली. गाडीत बसून कोणीच वाचली नाही.

मी कसा थांबलो? अपघात वगैरे काही झाला नाही, नशीब. एका शनिवारी सकाळी आई म्हणाली, "रात्री किती वाजता आलास रे?" मला सांगता येईना. पूल आठवत होता, चाळीचा जिना आठवत होता. मधला भारतमाताचा सिग्नल लाल होता की हिरवा, तिथे कोणी रस्ता ओलांडत होतं की नाही, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

तेव्हापासून शुक्रवारी बाईक घरी. टॅक्सीला पन्नास-साठ रुपये होतात. तेवढ्याचे तर आपण टेबलावर नुसते शेंगदाणे खातो :)

कठीण असतं ते दुसऱ्याची चावी काढून घेणं. गेल्या महिन्यात एका मित्राची घेतली. "बायकोसमोर माझी इज्जत काढलीस" म्हणाला, चार शिव्या दिल्या आणि पाय आपटत टॅक्सीत बसला. सकाळी चावी न्यायला आला. आईने चहा टाकला होता, पण तो दारातूनच चावी घेऊन गेला. अजून फोन उचलत नाही.