माशांना 'शुद्ध' पाणी नको!

मंडळी, आमच्या पनवेलात हल्ली बऱ्याच घरी माशांची काचेची पेटी दिसते. नातवंडांचा हट्ट, दुसरं काय! माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण "आम्ही माशांना आरओचंच पाणी घालतो हो" असं कौतुकानं सांगितलं जातं ना, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा होतो.

आपल्याला चांगलं ते माशांनाही चांगलं, हा यामागचा विचार. प्रेम खरं, पण तर्क चुकीचा! आपण पाणी पितो, मासा पाण्यात जगतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरतं. ते तो लघवीवाटे बाहेर टाकतो आणि त्यासोबत गेलेले क्षार कल्ल्यांनी पाण्यातूनच परत घेतो. आरओ यंत्र नेमके हेच क्षार काढून टाकतं! शिवाय एक लिटर 'शुद्ध' पाण्यासाठी बरंच पाणी मोरीत जातं. उन्हाळ्यात देहरंग धरणाची पातळी उतरते, तेव्हा ही चैन कुणाला परवडते?

डासांसाठी विहिरीत सोडलेले गप्पी मासे आठवा. त्या जड पाण्यात ते खुशाल पिलावळ वाढवतात. त्यांना कोण आरओ देतं? निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांची गोष्ट वेगळी. पण गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना नळाचं पाणी उत्तम.

मात्र नळाखाली थेट पेटी धरू नका. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याला तो रोगांपासून वाचवतो, माशांचे कल्ले मात्र जाळतो. रुंद बादलीत पाणी दिवसभर उघडं ठेवा, अधूनमधून ढवळा. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात.

आणि दर रविवारी पेटी रिकामी करून घासणं आधी थांबवा! माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खड्यांवर राहतात. तुमच्या स्वच्छतेत तेच मरतात. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, फिल्टर त्याच काढलेल्या पाण्यात खळबळा. झालं!

"आमच्याकडे मासे टिकतच नाहीत" म्हणून नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. मुकं जनावर तक्रार करत नाही, म्हणून आपण आपल्याच आवडीचं पाणी त्याच्यावर लादायचं का? पटत नसेल तर जरूर भांडा. पण आधी बादली भरून ठेवा!