लस दंडावर, पुरावा मोबाइलवर



गेल्या महिन्यात आमच्या घाटकोपरच्या वस्तीतली एक मुलगी दीड वर्षाच्या बाळाला घेऊन जवळच्या लसीकरण केंद्रावर गेली. बाळंतपण माहेरी, जालना जिल्ह्यात झाले. पहिल्या लसीही तिकडेच झाल्या. केंद्रावर विचारले, "आधीचे कार्ड कुठे आहे?" कार्ड गावाकडे, पत्र्याच्या पेटीत. "मग मोबाइलमध्ये काही दिसते का?" नोंद झाली होती म्हणे, पण ती तिच्या वडिलांच्या नंबरवर आणि तो नंबर आता बंद. तासभर बसून पोरगी बाळाला घेऊन तशीच परत आली. बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण तेवढा स्पष्ट दिसत होता. बाकी कोणती लस झाली आणि कोणती राहिली, ते कोणालाच सांगता येत नव्हते.

पुढे आमच्या भागातल्या आरोग्य सेविका ताईंनी गावच्या आशाताईंचा नंबर मिळवला, पेटीतल्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला आणि आठवड्याने बाळाला लस मिळाली. काम झाले ते दोन बायकांच्या ओळखीवर.

या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली, लसीची नोंद कुठेही, कधीही मिळायला हवी. जो माणूस पोटासाठी गाव सोडतो, ज्याची झोपडी दर पाच-दहा वर्षांनी उठते, त्याला तर ती सर्वात जास्त हवी. दुसरी, नोंद सापडत नाही म्हणून बाळाला परत पाठवणे ही चूक होती. कार्ड हरवले असेल तर उपलब्ध माहिती बघायची, व्रण बघायचा आणि शंका असेल तर लस द्यायची, हा वैद्यकशास्त्राचा साधा नियम आहे. गोवरची एक लस जास्त झाली तर बाळाचे काही बिघडत नाही. कमी पडली तर जीव जाऊ शकतो.

मग नोंद नेमकी कोणासाठी ठेवायची? बाळाला शोधण्यासाठी, की बाळाला अडवण्यासाठी? या लेखाचा सगळा वाद एवढाच आहे.

आता सरकारने बालकांच्या आणि गरोदर मातांच्या लसीकरणासाठी यू-विन आणले आहे. कोविडच्या काळातल्या कोविनच्या धर्तीवर ते उभे केले. जानेवारी २०२३ पासून निवडक जिल्ह्यांत त्याची चाचणी सुरू झाली. प्रत्येक डोसची नोंद, क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र, पुढच्या तारखेची आठवण आणि देशात कुठेही उरलेला डोस घेण्याची सोय असा त्याचा आराखडा आहे. कल्पना चांगली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण कल्पना चांगली असली तरी ती वस्तीत उतरते तेव्हा तिचे काय होते, हे आपल्याला विचारावेच लागते. कारण पुराव्याचा अनुभव आपल्याइतका कोणाला नाही.

जात सिद्ध करायची तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. झोपडीच्या बदल्यात मोफत घर हवे तर १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा आणा. आजोबा गावकुसाबाहेर राहिले, शाळेत त्यांना बसू दिले नाही आणि आता त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर नातवाची जात ठरणार. ज्या व्यवस्थेने आपल्याला कागदापासून दूर ठेवले, तीच व्यवस्था आपल्याकडे कागद मागते. म्हणून नवा पुरावा आला की आपल्या आईबापांच्या पोटात गोळा येतो. याला अडाणीपणा म्हणू नका. हा अनुभव आहे.

आणि लसीच्या पुराव्याचा ताजा अनुभव तर मुंबईच्या उपनगरांनी घेतलेला आहे. आठवा ऑगस्ट २०२१. दुसऱ्या लाटेपासून सामान्य माणसाला लोकल बंद होती. ८ ऑगस्टला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केले की, दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलने जाता येईल. मुंबईतल्या ५३ स्थानकांवर महापालिकेचे मदत कक्ष बसले. प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र दाखवा, शिक्का घ्या, मग खिडकीवर मासिक पास मिळेल.

ऐकायला न्याय्य वाटते. आता हिशेब करू. मे महिन्याच्या मध्यावर कोव्हिशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर किमान ८४ दिवस करण्यात आले. त्यात १४ दिवस मिळवा, झाले ९८. म्हणजे या नियमाने १५ ऑगस्टला लोकलमध्ये चढायचे तर पहिला डोस ९ मेपर्यंत झालेला हवा. पण १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरूच झाले १ मे रोजी, तेही फक्त ऑनलाइन नोंदणीवर, मोजक्या केंद्रांवर. त्या वेळी कोविन मराठीत नव्हते. स्लॉट उघडला की काही क्षणांत संपायचा. मेच्या मध्यावर लसच नाही म्हणून राज्याने या वयोगटाचे लसीकरण थांबवले आणि सरकारी केंद्रांवर ते पुन्हा सुरू झाले जूनच्या उत्तरार्धात. कोव्हॅक्सिनचे अंतर कमी होते, पण तिचा साठा तुटपुंजा. खासगी रुग्णालयात कोव्हिशिल्डचा एक डोस ७८० रुपयांपर्यंत. नवरा-बायकोचे दोन-दोन डोस म्हणजे ३,१२० रुपये. काम बंद असलेल्या घरात हे पैसे कुठून आणायचे?

म्हणजे मानखुर्दहून मुलुंडला धुणीभांडी करायला जाणारी तिशीतली बाई, घाटकोपरहून अंधेरीला जाणारा कंत्राटी सफाई कामगार यांना नियमाने अडवले नव्हते, गणिताने अडवले. मोबाइल, इंग्रजी, वेगवान इंटरनेट आणि पैसे ज्यांच्याकडे होते ते मे महिन्यात पुढे गेले, आणि ऑगस्टमध्ये सरकारने त्यांनाच आधी गाडीत घेतले. घरून काम करणाऱ्याच्या हातात पास, आणि घराबाहेर पडल्याशिवाय ज्याची चूल पेटत नाही तो बसच्या रांगेत! आधी लस देण्यात मागे ठेवायचे आणि मग लस नाही म्हणून दारात उभे करायचे. याला आरोग्य धोरण म्हणायचे की नव्या रूपातली जुनी उतरंड?

न्यायालयांनाही हा प्रश्न दिसला. मे २०२१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने कोविनवरच्या सक्तीच्या नोंदणीसंदर्भात डिजिटल दरीवर केंद्राला जाब विचारला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलबंदीच्या आदेशांच्या कायदेशीर प्रक्रियेवरच बोट ठेवले. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही आणि त्या वेळची परिस्थिती पाहता लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणशीर नाहीत. पण त्याच निकालात सरकारचे लसीकरण धोरण न्यायालयाने अवाजवी ठरवले नाही, हेही लक्षात ठेवा. मी लसीच्या विरोधात नाही. लस घ्या, मुलांना द्या, वेळेवर द्या. माझा विरोध आहे तो लस पोहोचवण्याआधी पुरावा मागण्याला.

कोणी म्हणेल, पुरावा मागितला नाही तर लोक खोटे बोलतील. मग कांदिवली आठवा. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीच्या एका मोठ्या गृहनिर्माण सोसायटीत लसीकरण शिबिर झाले. ३९० जणांनी पैसे मोजून लस घेतली. नंतर प्रमाणपत्रे आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने. त्या रुग्णालयांनी सांगितले, आम्ही असे शिबिर घेतलेच नाही. चौकशीत अशी आणखी शिबिरे निघाली. नऊ बनावट शिबिरांत २,०५३ लोक फसल्याचे राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितले. गेट असलेल्या, सुशिक्षित, स्मार्टफोनवाल्या लोकांच्या हातात प्रमाणपत्र होते, दंडात लस नव्हती! आणि त्याच वेळी कितीतरी जणांच्या दंडात लस होती, पण नंबर चुकला किंवा नावाचे स्पेलिंग चुकले म्हणून हातात प्रमाणपत्र नव्हते. क्यूआर कोड एवढेच सांगतो की नोंद आहे. नोंद खरी आहे की नाही, हे ती करणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणावर आणि त्याच्यावरच्या देखरेखीवर ठरते.

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवर पसरला. देवनारचे डम्पिंग ग्राउंड ज्या विभागात आहे, त्या एम पूर्व विभागात तो आधी दिसला आणि मग शहरभर गेला. निश्चित आणि संशयित मिळून डझनभराहून अधिक मृत्यूंची नोंद मुंबईत झाली. केंद्राचे पथक आले. घरोघरी पाहणी झाली, तेव्हा कळले की गोवरची लस राहिलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. जोखमीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला, काही ठिकाणी ६ महिन्यांच्या बाळांनाही.

नोंदीचे खरे काम इथे होते. कोविडमध्ये वस्त्यांकडे धावाधाव चालू असताना कोणत्या गल्लीतल्या कोणत्या बाळाचा डोस चुकला, हे वेळीच कळले असते तर? चुकलेल्या बाळाच्या दारात यंत्रणा स्वतः गेली असती तर? नोंद म्हणजे सरकारच्या कामाचा हिशेब. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य राज्याचे असेल, तर पुराव्याचे ओझे आईच्या डोक्यावर कसे?

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याहून एका आजारी अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. त्याच सेवेत प्लेगने त्यांना गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुलाला पाठीवर घेताना त्यांनी त्याचे नाव कुठल्या वहीत आहे का, हे विचारले नव्हते. सार्वजनिक आरोग्याची आपली परंपरा ही आहे. वही नंतर भरता येते.

पुराव्याचा आणखी एक चेहरा. कुर्ल्याची मिठीकाठची एक मुलगी. बाप रिक्षा चालवतो. पोरगी शिकली, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला निघाली. विद्यापीठाने कागद मागितला : गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या लसीचे दोन डोस. तिचे कार्ड २६ जुलै २००५ च्या पुरात गेले. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता त्या दिवशी. आणि कार्ड असते तरी पुरे पडले नसते, कारण सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाहीच. खासगी डॉक्टरकडे वाढलेल्या मुलांच्या फाइलमध्ये ती असते. प्रतिकारशक्ती आहे का, हे रक्ताच्या तपासणीतून कळते, विद्यापीठे ते मान्यही करतात, पण तपासणीला पैसे लागतात आणि निकाल कमी आला तर लस घ्यावीच लागते. तिने सरळ २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस घेतले आणि गेली. परदेशी शिक्षणाची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे : जुना कागद नसेल तर रडत बसू नका, पण व्हिसाच्या धावपळीआधी दोन महिने हे काम उरका.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात.

एक, कार्ड नाही, ओटीपी येत नाही, आधार नाही, या कारणावरून एकही बाळ लसीशिवाय परत जाता कामा नये. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. मग लसीला वेगळा न्याय का?

दोन, कागदी कार्ड आणि डिजिटल नोंद यांचा दर्जा समान असावा. मोबाइल बदलतो, हरवतो, एका घरात एकच असतो आणि तो बापाच्या खिशात असतो.

तीन, चुकलेले नाव, तारीख, नंबर दुरुस्त करण्याची सोय वॉर्डातच हवी, मराठीत, फुकट. आणि नोंदीची छापील प्रत मागितली की मिळावी.

चार, आरोग्याची माहिती लस देण्यापलीकडे कशालाही जोडू नका. ना शाळाप्रवेशाला, ना रेशनला, ना झोपडीच्या पात्रतेला. जून २०२३ मध्ये कोविनवर नोंद झालेल्यांची माहिती टेलिग्रामवर दिसत असल्याच्या बातम्या आल्या. कोविन फुटले नसल्याचे सरकारने सांगितले. पण माहिती आपली होती, आणि तिची राखण करणे सरकारचे काम होते.

पाच, दारोदार फिरून यादी करणाऱ्या, लस राहिलेले मूल शोधणाऱ्या आरोग्य सेविका वर्षानुवर्षे मानधनावर राबत आहेत. त्यांना कामगाराचे हक्क द्या. अ‍ॅप वस्तीत चालत येत नाही, त्या येतात.

आणि सरकार ऐकेपर्यंत आपण काय करायचे? आज रात्री पेटी उघडा. बाळाच्या कार्डाचा फोटो काढा, दोन वेगळ्या फोनवर ठेवा. एक झेरॉक्स गावी पाठवा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. एसआरएसाठी घर खाली करत असाल तर भांड्याकुंड्यांच्या आधी ती पिशवी उचला. रविवारी विहारात वंदना झाली की एक टेबल मांडा. एक शिकलेली मुलगी बसवा, जिला मोबाइल येतो. आयाबायांची कार्डे बघा, कोणाचा डोस राहिला ते लिहा आणि सोमवारी ती यादी घेऊन केंद्रावर जा.

तिथे कोणी विचारले, पुरावा काय? तर बाळाला पुढे करा आणि म्हणा, हे मूल, याची लस राहिली आहे, ती द्या. नोंद करणे तुमचे काम.

जय भीम!