दोष गाईचा की धन्याचा?

भूगोलाच्या तासाला आपण अ‍ॅमेझॉनच्या अरण्याविषयी वाचतो. पृथ्वीच्या पाठीवरील हे सर्वांत मोठे वर्षावन. त्याचा फार मोठा भाग गेल्या पन्नास-साठ वर्षांत नाहीसा झाला, आणि ब्राझीलात तोडलेल्या वनभूमीपैकी निम्म्याहून अधिक भूमीवर आज गुरे चरतात. हे वाचून पुष्कळ विद्यार्थी सहज म्हणून जातात की, गुरांनी अरण्य खाल्ले. हे विधान कितपत खरे आहे ते पाहावे, आणि पाहता पाहता आपल्या बालाघाटाकडेही दृष्टी वळवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ब्राझील देशात आज वीस कोटींहून अधिक गुरे आहेत. त्यांतील बहुसंख्य गुरे मूळ आपल्याच देशाच्या वंशाची आहेत, हे अनेकांस ठाऊक नसेल. आंध्रातील ओंगोल गुरांपासून तेथील 'नेलोर' जात तयार झाली व नेल्लोर जिल्ह्यावरून तिला हे नाव पडले. ज्या वशिंडाच्या बैलाने इकडे शेतकऱ्याचा नांगर ओढला, त्याच्याच वंशासाठी तिकडे अरण्ये जाळली गेली. जनावर तेच, धनी मात्र निराळा. १९६४ साली तेथे लष्करी राजवट आली. तिने अरण्यातून रस्ते काढले आणि मोठमोठ्या कुरणमालकांस करांत सवलती व स्वस्त कर्जे दिली. झाडे तोडावी, आग लावावी, गवत पेरावे व जमीन आपली म्हणावी, असा क्रम पडून गेला. रबराच्या झाडांचा चीक गोळा करून पोट भरणारे लोक त्यामुळे देशोधडीस लागू लागले. त्यांचा पुढारी चिको मेंडिस याने या तोडीस विरोध केला, म्हणून २२ डिसेंबर १९८८ रोजी एका कुरणमालकाच्या मुलाने बापाच्या सांगण्यावरून त्याचा खून केला. पुढे सरकारने मनावर घेतले तेव्हा हीच तोड २००४ सालच्या २७,००० चौरस किलोमीटरांहून २०१२ साली ५,००० च्याही खाली आली. गुरे काही तेवढ्यात शहाणी झाली नव्हती; माणसांचा कायदा जागा झाला होता.

आता घराकडे वळू. आपल्या बीड जिल्ह्यात असे कुरणमालक नाहीत. येथे कोणाची एक बैलजोडी, कोणाची एखादी म्हैस, तर कोणा विधवेच्या चार शेळ्या. तरीही आपले डोंगर उघडे पडले आहेत. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक-तृतीयांश भूमी वृक्षाच्छादित असावी असे ध्येय ठरविले. आपल्या जिल्ह्यात वनाचे प्रमाण शेकडा तीनही नाही. याची कारणे अनेक आहेत. कुऱ्हाड हे एक. परंतु बारमाही मोकाट चराई हे दुसरे, आणि त्याकडे आपले लक्ष कमी जाते. पहिल्या पावसानंतर कोवळा अंकुर वर येतो न येतो तोच तो खाल्ला जातो. बी धरण्यापूर्वीच मारवेल व पवना ही चांगली गवते संपतात. मागे उरतात तरवड, टणटणी आणि कुसळी, कारण जनावर त्यांना सहसा तोंड लावीत नाही. खुरांनी जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि माती वाहून जाते. मांजरा, सिंदफणा आणि बिंदुसरा या तिन्ही नद्या पाटोदा तालुक्यातील डोंगरांत उगम पावतात. डोंगराची जी माती सुटते, तीच खालच्या धरणांत गाळ होऊन बसते.

आणि या सर्वांचा पहिला फटका कोणास बसतो? गुरांनाच! २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. महिनोन्‌महिने जनावरे तेथे दावणीला उभी होती व त्यांचे धनीही त्यांच्याजवळच मुक्काम करून होते. ज्या डोंगराने त्यांना गवत द्यावयाचे, तो केव्हाच संपला होता.

यावर उपाय नाही असे नाही. शेजारच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी पाऊस आपल्याहूनही कमी. १९८९ साली श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. राळेगण सिद्धीचा कित्ता गिरवून गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली. चराईबंदी म्हणजे गुरे विकणे नव्हे. गुरे डोंगरावर सोडावयाची नाहीत. गवत वाढू द्यावयाचे, विळ्याने कापून घरी आणावयाचे आणि गोठ्यात घालावयाचे. गवत वाढले, विहिरींना पाणी आले, आणि जेथे दूध थोडके होते तेथे ते हजारो लिटरांनी मोजले जाऊ लागले. म्हणजे डोंगर राखल्याने गुरांचे नुकसान झाले नाही, उलट हितच झाले.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्याला शेत आहे, तो बांधावरचा चारा आणील. परंतु ज्या भूमिहीनाचा सारा संसार चार शेळ्यांवर आहे, किंवा जो धनगर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे घेऊन या वाटेने जातो, त्याने काय करावे? हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ज्या बंदीचा भार केवळ दुबळ्यावर पडतो, ती बंदी टिकत नाही व टिकूही नये. म्हणून माझे मत असे की, सबंध डोंगर एकदम बंद न करता त्याचे भाग पाडून ते पाळीपाळीने राखावे. ज्याची गुरे अधिक, त्याने प्रथम ती गोठ्यात बांधावी. राखलेल्या भागातील गवतावर पहिला हक्क भूमिहीन घरांचा असावा. मेंढपाळांची वाट व त्यांचा हंगाम ग्रामसभेने त्यांच्याशी बोलून ठरवावा. अ‍ॅमेझॉनमध्ये बलवंतांच्या लोभाने गरिबांचे अरण्य गेले. डोंगर राखण्याच्या नावाखाली आपणही गरिबांचीच शेळी हिरावून घेतली, तर आपण त्या कुरणमालकांहून फारसे वेगळे ठरणार नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवण येथे वृक्षसंमेलन भरले आणि एका वडाच्या झाडास त्याचे अध्यक्षपद देण्यात आले. ही कल्पना सुंदर होती. परंतु रोप लावणे हे एका दिवसाचे काम आहे. ते राखणे हे पुढील अनेक वर्षांचे. समारंभास गर्दी होते, राखणीस होत नाही.

पालकांस माझी विनंती आहे की, ग्रामसभेत रस्ते व दिवे यांची चर्चा होते तेव्हा डोंगराचाही विषय काढावा. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही सुट्टीत गावी जाल तेव्हा पाहा की गावच्या डोंगरावर कोणते गवत उगवते, आणि वडीलधाऱ्यांस विचारा की पूर्वी कोणते उगवत असे. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर पडले आहे, ते गाईने पाडलेले नाही. ते आपण पाडले आहे; म्हणूनच ते भरून काढणेही आपल्याच हाती आहे.